सोनी आरएक्स१०० मार्क ७: नवी फीचर्स गोव्यात नेमकी कुठे आणि कशी वापरायची

हा कॅमेरा बॉक्समधून काढून थेट शिगम्याला (गोव्यातला होळीच्या दिवसांतला उत्सव) नेणारे बरेच जण दुसऱ्या दिवशी म्हणतात, अगं माझा फोन बरा की याच्यापेक्षा. आणि ते खोटं बोलत नसतात. फोन सगळं स्वतःच ठरवतो. हा कॅमेरा ठरवत नाही, त्याला आधी सांगून ठेवावं लागतं, आणि मार्क ७ मध्ये जे जे नवीन आलंय त्यातलं बरंचसं आपण मेन्यूत जाऊन चालू केल्याशिवाय हाताला लागत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच की मेन्यूची सगळी कटकट घरी बसून एकदाच उरका, बाहेर पडल्यावर बोटाला दोनच कामं राहिली पाहिजेत, स्क्रीनवर टच करायचं आणि बटण दाबायचं.

आधी थोडी ओळख, कारण सेकंडहॅंड बाजारात या सिरीजची सगळी भावंडं फिरत असतात आणि लोक भलतंच उचलून आणतात. पहिला आरएक्स१०० आला २०१२ ला. मार्क ३ (२०१४) पासून वर येणारा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आणि आत बसवलेला एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच) मिळायला लागला, मार्क ४ ला ४के आणि सुपर स्लो मोशन, मार्क ५ ला फेज डिटेक्ट (म्हणजे झटपट होणारा) फोकस, मार्क ६ (२०१८) ला २४ ते २०० एमएमचा झूम आणि टचस्क्रीन, पण त्याच वेळी एनडी फिल्टर गेला तो गेलाच. मार्क ७ आला २०१९ ला. लेन्स तीच, मेगापिक्सल तेच २० च्या आसपास, वजन साधारण ३०० ग्रॅम, दिसायलाही तसाच. जे बदललं ते आतमध्ये: फोकसचे ३५७ पॉइंट, रिअल टाइम ट्रॅकिंग (निवडलेल्या माणसाच्या मागे फोकस फिरत राहणं), माणसांचा आणि प्राण्यांचा डोळा ओळखणं, माइकसाठी ३.५ एमएमचं भोक, उभ्या व्हिडिओची सोय, इंटरव्हल शूटिंग (ठरावीक वेळाने आपोआप फोटो). बाहेरून चटकन काही कळत नाही, त्यामुळे विकत घेताना खाली कोरलेलं मॉडेल नंबर बघून घ्या, एम७ असं शेवटी असायला हवं.

घरी बसून करायचं काम

बॅटरी चार्जला लावा (केबल जुनी मायक्रो यूएसबी, हे खरंच वैताग आहे, फोनची टाइप सी चालत नाही) आणि तोपर्यंत चहा घ्या. मग पहिलं काम, सेटअपमध्ये एनटीएससी/पीएएल सिलेक्टर (व्हिडिओची पद्धत निवडायचा) असतो तो पीएएलवर ठेवा, आणि कार्ड रिकामं असतानाच हे करा. कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट आणि स्वस्तातल्या एलईडी माळा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण व्हिडिओत दिसतं. पीएएलवर व्हिडिओ २५ फ्रेम्सचा होतो, शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) १/५० सेकंद ठेवलं की दिव्यांचं आणि कॅमेऱ्याचं जमतं. ३० फ्रेम्स आणि १/६० वर काढलेला जत्रेचा व्हिडिओ बघा कधी, मागचे सगळे दिवे धडधडत असतात.

मग टच. टच ऑपरेशन ऑन करा आणि फंक्शन ऑफ टच ऑपरेशनमध्ये टच ट्रॅकिंग निवडा. टच शटर नको, चालता चालता बोट लागून दहा फोटो निघतात. ऑडिओ सिग्नल्स बंद करा, ती टीक टीक देवळात कीर्तन चालू असताना वाजली की आजूबाजूच्या आज्या जे बघतात ना, नकोच. फोकस मोड एएफ-सी, म्हणजे फोकस सतत चालू. फोकस एरिया ट्रॅकिंगवाला, त्यात फ्लेक्झिबल स्पॉट एम. फेस/आय प्रायॉरिटी ऑन.

आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढली की फोटो दाणेदार होतो) ऑटो ठेवा पण त्याला लगाम घाला, खाली १०० वर ३२००. आणि आयएसओ ऑटो मिनिमम एसएस नावाचं सेटिंग आहे, ते फार कमी लोक उघडतात आणि तेच सगळ्यात कामाचं आहे, त्यात कॅमेऱ्याला सांगता येतं की बाबा शटर याच्यापेक्षा हळू करायचं नाही, हवं तर आयएसओ वाढव. नाचणाऱ्या माणसांसाठी १/२५०, नुसत्या उभ्या माणसांसाठी १/१०० पुरतं. हे पी आणि ए मोडमध्येच (जिथे शटर कॅमेरा ठरवतो) चालतं, मी कायम ए मध्येच असते.

आता हे सगळं दर वेळी कोण लावणार, तर डायलवर एमआर लिहिलंय ना, ती जागा याच्यासाठीच आहे. मेमरीत सेटिंगचे तीन संच ठेवता येतात. माझे असे आहेत: पहिला दिवसाचा, १/२५० आणि ३२०० वाला. दुसरा रात्रीच्या उत्सवाचा, मेकॅनिकल (खरोखर उघडझाप करणारं) शटर, आयएसओ वर ६४०० पर्यंत मोकळा, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ ते) उणे ०.७. तिसरा नाटकाचा, त्याच्यावर पुढे येते. आणि उरलेलं जे काही वारंवार लागतं ते माय मेन्यूत टाकून द्या, विशेषतः डोळा कुणाचा शोधायचा, माणसाचा की प्राण्याचा, ते बदलायचं सेटिंग. कॅमेरा आपणहून दोन्हींत अदलाबदल करत नाही, आपल्याला सांगावं लागतं, आणि म्हापशाच्या बाजारात मासळीवालीच्या पुढ्यात टपून बसलेलं मांजर तुमच्यासाठी थांबून राहत नाही.

ट्रॅकिंग, म्हणजे पैसे ज्याच्यासाठी मोजलेत ते

या कॅमेऱ्याची बाकी सगळी फीचर्स काढून घेतली आणि फक्त हे ठेवलं तरी मी वापरीन.

घोडेमोडणी बघितली असेल तर कळेल मी काय म्हणते. डिचोली, सत्तरी भागात शिगम्याला होते ती. कमरेला लाकडी घोडा, डोक्याला फुलांनी सजवलेला मुंडासा, हातात तलवार, आणि ढोल-ताशाच्या तालावर हे लोक पुढे येतात, मागे जातात, गिरकी घेतात. जुन्या कॅमेऱ्यात काय व्हायचं, फोकसची चौकट मध्ये ठेवलेली, माणूस सरकला की फोकस मागच्या ढोलवाल्यावर जाऊन बसायचा. इथे काय करायचं, हव्या त्या नाचणाऱ्यावर बोट ठेवा, चौकट त्याला चिकटते, चेहरा दिसला की तीच चौकट चेहऱ्यावर, अजून जवळ आला की डोळ्यावर जाते, त्याने पाठ फिरवली की परत अंगावर, तोंड वळवलं की परत डोळ्यावर. तुम्ही फक्त फ्रेम बघायची, बाकी काही नाही. दुसरा माणूस निवडायचा असेल तर त्याच्यावर टच करा, सोडून द्यायचं असेल तर मागचं मधलं बटण.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावून काढायची सवय असेल तर टच नाही केलं तरी चालतं, मधली चौकट माणसावर ठेवून शटर अर्धं दाबा आणि अर्धं दाबलेलंच ठेवा, तिथून पुढे तोच खेळ. दुपारच्या उन्हात स्क्रीन तशीही दिसत नाही, त्यामुळे हीच पद्धत बरी.

कुठे फसतं तेही सांगते. रोमटामेळात (शिगम्याची ढोल-झेंड्यांची मिरवणूक) जिथे पन्नास माणसं एकाच रंगाचे कपडे घालून, एकाच रंगाचे झेंडे नाचवत असतात तिथे मध्ये झेंडा आडवा आला की चौकट शेजाऱ्यावर उडी मारते. गुलालाने रंगलेले चेहरे कधी सापडतात, कधी नाही. अशा वेळी मी रांगेच्या टोकाचा माणूस धरते, त्याच्या एका बाजूला तरी मोकळी जागा असते. आणि अंधार पडला की झूम मागे घ्यायचा, याचं कारण पुढे येतंच.

प्राण्यांचा डोळा फोटोतच ओळखतो, व्हिडिओत नाही. कुत्री-मांजरं झकास येतात. पक्ष्यांची आशा ठेवू नका. चोडणला सलीम अली अभयारण्यात खारफुटीत होडीतून फिरताना खंड्या दिसला म्हणून २०० एमएमला ताणून काढलात तर फ्रेममध्ये निळा ठिपका येईल, एवढंच. क्लिअर इमेज झूम ऑन केला तर अजून दुप्पट जवळ जाता येतं पण ते फक्त जेपेगला चालतं, रॉ ला (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलला) नाही, आणि बारीक पिसं वगैरे विसरा. पक्ष्यांसाठी हा कॅमेरा नाहीच, रिबंदरहून फेरीबोट पकडून तिकडे गेलाच असाल तर होडी, होडीवाला, ओहोटीचा चिखल, पाण्यावर वाकलेली झाडं हे काढा, त्याला हा फार छान आहे.

रात्र, एलईडी आणि झूमचा मोह

पणजीला, फोंड्याला, म्हापशाला शिगम्याची मिरवणूक चित्ररथांपर्यंत येईस्तोवर अंधार झालेला असतो. चित्ररथावर सगळा एलईडीचा लखलखाट, खाली रस्ता काळा. इथे तीन गोष्टी.

एक, शटर टाइप मेकॅनिकल ठेवा. इलेक्ट्रॉनिक शटर १/३२००० पर्यंत पळतं, मस्त आहे, पण लुकलुकणाऱ्या दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे यायची भीती असते. मेकॅनिकलवर पट्टे सहसा येत नाहीत, पण एकामागोमाग काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक मंद, एकाचा रंग पिवळट असं होऊ शकतं. तसं दिसलं तर शटर १/१०० करा, दिव्याच्या एका लुकलुकीइतका वेळ मिळतो आणि प्रकाश सारखा होतो. नाचणाऱ्याचे हात थोडे हलतील, हलू देत, ढोल बडवणाऱ्याचे हात स्थिर दिसले तर तो ढोल बडवतोय असं वाटतच नाही.

दोन, झूम. २४ एमएमला लेन्स एफ २.८ ची आहे (हा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान), २०० ला ती एफ ४.५ होते, म्हणजे आत येणारा प्रकाश अडीच पट कमी. वरून हात हलला तर २०० ला जास्त दिसतो. रात्री दूर उभं राहून झूम करण्यापेक्षा "ओस्सय" (शिगम्यातली आरोळी) म्हणत गर्दीतून दोन पावलं पुढे सरकणं कधीही फायद्याचं. कॅमेरा छोटा असल्याचा इथे उपयोग होतो, मोठा डीएसएलआर घेऊन घुसलात तर लोक पेपरवाले समजून पोज द्यायला लागतात.

तीन, एक्स्पोजर कमी करा. काळा रस्ता बघून कॅमेऱ्याला वाटतं फार अंधार आहे, तो सगळंच उजळ करतो आणि चित्ररथावरचा रावण पांढरा फटक होतो. उणे ०.७, कधी उणे १. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे बघायला निघता तेव्हाही हेच, नरकासुराच्या डोळ्यांतले लाल दिवे लालच राहिले पाहिजेत.

उत्सवी नाटक

गोव्यात राहून मराठी नाटक देवळाच्या मांडवात बघितलं नाही असा माणूस विरळा, आणि आपल्या घरातलं कुणी ना कुणी त्यात काम करत असतंच, त्यामुळे फोटोची ऑर्डर ठरलेली. इथे सायलेंट शूटिंग ही खरी चैन आहे. इलेक्ट्रॉनिक शटर, आवाज बंद, एएफचा मदतीचा लाल दिवा (एएफ इल्युमिनेटर) बंद, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी किंवा सरळ व्ह्यूफाइंडर. पुढच्या रांगेत बसून भाऊरायाच्या शेवटच्या स्वगताचे फोटो काढलेत आणि शेजारच्या काकांना पत्ताही लागला नाही, एवढं शांत. मग एलईडीच्या पट्ट्यांचं काय? जुने हॅलोजन असतील तर काळजी नाही. एलईडीचे पार लाइट (स्टेजचे दिवे) असतील तर पहिला अंक सुरू होताच एक-दोन फोटो काढून झूम करून बघा, पट्टे दिसले तर १/१०० किंवा १/५०, तेवढ्यानेही गेले नाहीत तर मेकॅनिकलवर या. याच्या मेकॅनिकल शटरचा आवाजही इतका बारीक असतो की पेटीच्या सुरात ऐकू येत नाही.

चेहऱ्यावर स्पॉट आणि मागे काळा पडदा असतो तेव्हा रॉ + जेपेग काढा. मेकअपच्या थराखाली चेहरा जळाला, म्हणजे पांढरा फटक झाला, की परत येत नाही.

२० फ्रेम्स, ९० फ्रेम्स

यावर जास्त वेळ घालवत नाही. सेकंदाला २० फोटो, मध्ये स्क्रीन काळी न होता, फोकस चालूच, हे कागदावर वाचून तोंडाला पाणी सुटतं. घरी येऊन तांदळातले खडे वेचावेत तसे फोटो निवडत बसावं लागतं तेव्हा उतरतं सगळं. मिड किंवा लो वर ठेवा. फुटबॉलच्या मॅचला, पोरं मिरामारला वाळूत उड्या मारतात तेव्हा हाय. सिंगल बर्स्ट म्हणून जे ९० फ्रेम्सवालं आहे त्यात एका दाबात फक्त ७ फोटो निघतात आणि फोकस पहिल्या फोटोला जिथे असतो तिथेच राहतो. नारळ फोडताना, फुगा फुटताना, असल्या डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर संपणाऱ्या गोष्टींसाठी. आधी जागेवर फोकस करून ठेवायचं आणि टायमिंग आपलं आपण साधायचं.

चिखलकाल्याला स्लो मोशन

माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढी एकादशीनंतर चिखलकाला होतो, आणि सुपर स्लो मोशनसाठी याच्यापेक्षा चांगला विषय मला माहीत नाही. चिखलात घसरत जाणारी पोरं, उडणारा चिखल, वरून पाऊस.

डायल एचएफआर (म्हणजेच सुपर स्लो मोशन) वर. पीएएल असल्यामुळे २५०, ५०० आणि १००० फ्रेम्सचे पर्याय दिसतील. १००० बघून हुरळून जाऊ नका. जितके फ्रेम्स जास्त तितका प्रत्येक फ्रेमला प्रकाश कमी आणि चित्राची क्वालिटीही खाली येते, आषाढातल्या ढगाळ दुपारी १००० वर काढलं तर सगळं दाणेदार काळं दिसतं. २५० वर राहा. आधी फोकस, झूम, एक्स्पोजर काय ते ठरवून घ्या, मग मधलं बटण दाबून स्टँडबायला जा, कारण स्टँडबायला गेलात की यातलं काही बदलत नाही. आता महत्त्वाचं: आरईसी टायमिंगमध्ये एंड ट्रिगर निवडा. म्हणजे तुम्ही बटण दाबायच्या आधीचे काही सेकंद रेकॉर्ड होतात. पोरगा आपटला, चिखल उडाला, मग दाबा, सगळं आत आलेलं असतं. स्टार्ट ट्रिगर ठेवलात तर तुम्ही दाबेपर्यंत चिखल खाली बसलेला असतो. दर क्लिपनंतर कॅमेरा थोडा वेळ लिहीत बसतो, तेवढ्यात काही झालं तर गेलं ते गेलं, आणि आवाज या क्लिपना नसतो, ढोल-झांजा हव्या असतील तर वेगळा साधा व्हिडिओ घेऊन ठेवा.

आणि हा कॅमेरा पाण्या-चिखलापासून सील केलेला नाही हो. लांबून, देवळाच्या पायरीवरून १५०-२०० एमएमवर काढा. त्या दिवशी ओळखीचं कुणी भेटलं तर तो तुम्हाला चिखल लावणारच, नाही म्हणून उपयोग नाही, तेव्हा कॅमेरा आधी कुणाकडे तरी देऊन मोकळे व्हा.

व्हिडिओ: माइक आला, एनडी नाही

माइकचं भोक आलं ही सगळ्यात मोठी मागणी पुरी झाली, पण माइक बसवायला वर हॉट शू (जोडणी अडकवायची खाच) नाही. त्यामुळे छोटं ब्रॅकेट किंवा हँडग्रिप लागते. किंवा मग कॉलरला लावायचा वायरलेस माइक आणि त्याचा रिसीव्हर ब्रॅकेटवर. केसाळ टोपी माइकला घालाच, बीचवरचा वारा कुठल्याही सेटिंगने जात नाही, आतल्या माइकसाठी विंड नॉइज रिडक्शन आहे पण त्याने माणसाचा आवाजही डबक्यातून आल्यासारखा येतो.

चालत बोलायचं असेल तर स्टेडीशॉट (हादरे कमी करणारं सेटिंग) ॲक्टिव्हवर. कडा थोड्या कापल्या जातात, म्हणून झूम पूर्ण मागे आणि हात लांब. रील्स, स्टेटस वगैरेसाठी कॅमेरा सरळ उभा धरा, मार्क ७ ते लक्षात ठेवतो आणि फोनवर पाठवलं की उभंच दिसतं. व्हिडिओतही टच करून ट्रॅकिंग चालतं आणि माणसाचा डोळाही धरतो, सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फोकसमध्ये राहतो, फक्त त्याचा हॉर्न वाजल्यावर धावत बाहेर यायची तयारी हवी.

आता दुखणं. भर उन्हात व्हिडिओला शटर १/५० ठेवायचं म्हटलं तर चित्र पांढरं होतं, त्यासाठी लेन्सपुढे काळी काच लागते, म्हणजे एनडी फिल्टर, आणि तो याच्यात नाही. चिकटवायचे ॲडाप्टर मिळतात, फिरवून लावायचा फिल्टर घेता येतो, पण मग खिशात मावणं संपलं. मी उन्हात सरळ शटर वाढू देते, लाटा थोड्या झटके देत येतात, घरच्यांना काही कळत नाही. तुमचं मुख्य काम व्हिडिओच असेल, झूम फारसा लागत नसेल, तर खरं सांगू का, याच कंपनीचा झेडव्ही-१ घ्या किंवा कॅननचा जी७ एक्स मार्क ३, दोघांतही एनडी आत आहे आणि लेन्स एफ १.८ पासून सुरू होते.

४के लांबलचक काढताना कॅमेरा तापतो, मे महिन्यात तर जास्तच. ऑटो पॉवर ऑफ टेम्प हाय करा, पण मग हातात धरून ठेवू नका, ट्रायपॉडवर ठेवा, खरंच चटका बसतो.

मांडवीवरची संध्याकाळ, इंटरव्हलने

पूर्वी यासाठी वेगळं ॲप विकत घ्यावं लागायचं, आता मेन्यूत इंटरव्हल शूट फंक्शन आहे. बेतीच्या जेटीवर ट्रायपॉड लावा, समोर पणजी, मध्ये फेरीबोटी आणि कॅसिनोची जहाजं, एका बाजूला पूल. हिशोब सोपा: १० सेकंदांचा व्हिडिओ हवा तर २५ गुणिले १०, २५० फोटो. दर ५ सेकंदांनी एक घेतला तर साधारण २१ मिनिटं. ढगांना ५ सेकंद बरोबर, बोटींना २-३. पश्चिमेकडे मांडवीच्या मुखाशी सूर्य बुडतो तिथपासून अटल सेतूचे दिवे लागेपर्यंतचा सगळा बदल हवा असेल तर तासभर तरी लागतो, मग फोटो ७०० च्या पुढे जातात.

बॅटरी रेटिंगप्रमाणे २६० फोटोंच्या आसपासची आहे, म्हणून पॉवर बँक लावा आणि यूएसबी पॉवर सप्लाय ऑन करा. फोकस एकदा करून मॅन्युअलवर टाका. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटो नको, डेलाइट. एई ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी लो, म्हणजे उजेड बदलताना व्हिडिओ उड्या मारत नाही. फोटोंचा व्हिडिओ कॅमेरा स्वतः बनवत नाही, कॉम्प्युटरवर सोनीचं इमेजिंग एज फुकट मिळतं त्यात जोडायचं. मच्छर मारायचं औषध अंगाला लावून जा, जेटीवर तासभर उभं राहायचंय.

चवथीला फ्लॅश

फ्लॅश नवीन नाही पण याचा एक गुण कुणी वापरत नाही म्हणून सांगते. वर आलेला फ्लॅश बोटाने मागे रेलून छताकडे करता येतो. चवथीला (गणेश चतुर्थीला) मखराचा, माटोळीचा (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीचा) फोटो काढताना समोरून फ्लॅश मारला की गणपतीच्या मुकुटावर पांढरा डाग आणि मागे काळी सावली. छताकडे केला की सगळ्या खोलीत मऊ उजेड पसरतो. अट एकच, वर पांढरी स्लॅब हवी. जुन्या घरात वर कौलं आणि काळवंडलेले वासे, ते सगळा प्रकाश गिळून टाकतात, तिथे फ्लॅश बंद आणि समया-निरांजनांच्या उजेडात १/३० वर, हात भिंतीला टेकवून. माटोळीतली फळं जवळून घ्यायची तर झूम पूर्ण मागे, ८ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं. झूम ताणून जवळ जाल तर फोकसच होणार नाही, २०० ला कमीत कमी एक मीटर लांब राहावं लागतं.

बीचवर पाठीमागे मावळतीचा सूर्य आणि पुढे घरची मंडळी, तेव्हाही फ्लॅश मारा. लेन्समध्येच शटर असल्यामुळे १/१००० ला सुद्धा फ्लॅश जुळतो, मागचं आकाश नारिंगी राहतं आणि चेहरे काळे पडत नाहीत.

पावसाळा, वाळू आणि बुरशी

जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवलात तर गणपतीला काढताना लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी मिळेल. चामडं ओल धरतं. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, रंग बदलला की ते तव्यावर मंद गरम करून परत. आणि आठवड्यातून एकदा काढून चार फोटो काढा, लेन्स आत-बाहेर होऊ दे.

एसी गाडीतून उतरलं की लेन्सवर वाफ येते. पुसू नका. निघताना झिपवाल्या पिशवीत घाला, बाहेर आल्यावर पिशवीतच थोडा वेळ राहू दे, गार-गरम सारखं झालं की उघडा.

वाळूचं मात्र गांभीर्याने घ्या. लेन्सची नळी आत-बाहेर सरकते, मध्ये वाळूचा एक कण अडकला की करकर आवाज आणि मग ती तशीच अर्धी बाहेर राहते, दुरुस्तीला कॅमेऱ्याची जवळपास निम्मी किंमत जाते. बीचवर टॉवेलवर ठेवायचा नाही, पोहायच्या कपड्यांबरोबर एका पिशवीत तर मुळीच नाही. धूळ बसली तर तोंडाने फुंकू नका, रबरी ब्लोअर दोन-चारशेला मिळतो. घरी आल्यावर सुक्या मऊ कापडाने अंग पुसा, खारं वारं बटणांच्या फटीत बसतं.

महिनाभर वापरायचाच नसेल तर बॅटरी काढून ठेवा. परत घातल्यावर तारीख-वेळ विचारेल, घाबरू नका, बिघडला नाही, आतली छोटी बॅटरी उतरलेली असते. मोठी बॅटरी घालून कॅमेरा बंदच ठेवून एक दिवस चार्जला लावला की तीही भरते, मग विचारत नाही.